मागच्या भिंतीला टेप नाही

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला स्पर्श कळत नाही, ही गोष्ट डॉक्टर सोडले तर थंडी संपेपर्यंत आम्हा दोघांनाच ठाऊक होती.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी बुटाची नाडी बांधताना तो खाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. अकरा दिवस इस्पितळात गेले. बोलणे परत आले, चालणे परत आले, तोंडाचा वाकडेपणाही बराच सरळ झाला. हात हलू लागला, मूठ वळू लागली. मात्र अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे यांच्या टोकांना काही कळेनासे झाले होते. चहाच्या कपाकडे बघत असला तर तो कप धरू शके. नजर दुसरीकडे गेली की कप सुटे. मी गणिताची शिक्षिका आहे. निरीक्षण लिहून ठेवण्याची सवय जात नाही. माझ्या टाचणवहीच्या शेवटच्या पानावर तेव्हाची नोंद आहे: “बघत असता धरतो. नजर हटली की सोडतो.”

स्वतःविषयी नोंद करायची तर ती एका वाक्यात होते. चौथ्या दिवशी मी शाळेत गेले आणि नववीला दोन चलांची समीकरणे शिकवली. सहकारी शिक्षिकांनी माझ्या धीराचे कौतुक केले. तो धीर नव्हता. आत काही हलत नव्हते, एवढेच. समीकरणे बरोबर सुटत होती.

तो वसईचा, सुताराचा मुलगा. मस्कतला तो फर्निचरच्या कारखान्यात आला होता, पण गेली चौदा वर्षे तो तिथल्याच गाला नावाच्या कारखान्यांच्या भागातल्या एका परवानाधारक दुकानात बंदुकांचे लाकूडकाम करत होता. इथल्या अनेक घरांत आजोबांच्या काळातली बंदूक भिंतीवर असते, आणि नेमबाजीच्या क्लबात जाणाऱ्यांकडे नव्या रायफली असतात. दोन्हींचे लाकूड तडकते. लोखंडाला हात लावणारा कारागीर वेगळा. याच्याकडे फक्त लाकूड. खांद्याला टेकवायचा आणि ज्यात सगळे लोखंड बसते तो लाकडी भाग म्हणजे स्टॉक. दुकानात त्याला दुसरा शब्द मी कधी ऐकला नाही.

दुकानाचे मालक साठीच्या पुढचे ओमानी गृहस्थ. सगळे त्यांना अरबाब म्हणत, आम्हीही. ते स्वतः दर शनिवारी रेंजवर जाऊन निशाणे मारत. त्यांची हिंदी गालातल्या गॅरेजांत शिकलेली होती आणि तिच्यात व्याकरण सोडून सगळे होते.

इस्पितळानंतर तो पहिल्यांदा दुकानात गेला तेव्हा मी बरोबर होते. अरबाबांनी हात पुढे केला.

“हाथ कैसा?”

“एकदम ठीक, अरबाब. हमदुलिल्ला.”

त्याने त्यांचा हात बघून धरला आणि बघूनच सोडला. मी शेजारी उभी होते. मी काही बोलले नाही.

अरबाबांनी कपाटामागून एक लांब खोका काढला. परदेशातून मागवलेला नवा स्टॉक, पातळ फळ्या एकावर एक चिकटवून केलेला, तपकिरी आणि राखाडी पट्ट्यांचा. त्यांच्या स्वतःच्या रायफलीसाठी. रायफल कारखान्यातून आली तशीच होती. तिचे मूळ लाकूड मात्र मनगटापाशी, म्हणजे मूठ धरायच्या अरुंद जागी, तडकले होते.

“ये मेरा राइफल का है. तुम बिठाओ. अच्छा बैठा, तो बताका देखेगा.”

बताका म्हणजे राहण्याचे कार्ड. त्याच्या कार्डाची मुदत दीड महिन्याने संपत होती. माझा व्हिसा शाळेचा, त्याचा दुकानाचा. स्टॉक नीट बसला तर अजून दोन वर्षे. नाही बसला तर तो वसईला, आणि मी वादी अदाईच्या आमच्या दोन खोल्यांत एकटी. अरबाब एवढे बोलले नाहीत. ते बोलण्याची गरज नव्हती.

बाहेर गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “परीक्षा घेतायत, टीचर.”

आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो मला टीचर म्हणतो. आधी चिडवायला म्हणायचा, पुढे सवय झाली.

“अभ्यास झालाय का?” मी विचारले.

“चौदा वर्षं.”

“मग उजळणी कर.”

तो हसला. हसताना ओठाचा उजवा कोपरा अजून थोडा मागे राहत होता.

इथे थोडे थांबून एक गोष्ट समजावून सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे एका लहानशा पोलादी पट्टीवर अवलंबून आहे. गोळी पुढे जाते तेव्हा बंदुकीचे लोखंड तेवढ्याच जोराने मागे येते. हा मागे येणारा धक्का लाकडाला द्यायचा आणि लाकडाने तो खांद्याला द्यायचा. लोखंड आणि लाकूड यांना दोन पेचांनी एकत्र बांधलेले असते, पण पेच बांधण्यासाठी असतात, धक्का खाण्यासाठी नव्हे. धक्का पेचांवर आला तर त्यांच्या भोकांपासून लाकूड चिरत जाते. म्हणून नळी जिथे मागच्या भागाला जोडलेली असते तिथे, खालच्या अंगाला, टपालाच्या मोठ्या तिकिटाएवढी एक जाड पट्टी काढलेली असते. तिला लग म्हणतात. लाकडात तिच्यासाठी खाच असते. लगची पाठ त्या खाचेच्या मागच्या भिंतीला टेकलेली असली की सगळा धक्का तिथून जातो. वर्गात मी असे सांगितले असते की मुलाने बाकावर बसताना पाठ मागे पूर्ण टेकवावी. पाठ टेकलेली असावी, हे मला तेव्हा माहीत होते. बाकीचे अंग कसे असावे, हे माहीत नव्हते.

नव्या स्टॉकची खाच दुसऱ्या, जाड लगसाठी कापलेली होती. रायफलीची कारखान्यातली लग पाच मिलिमीटरलाही किंचित कमी भरली, आणि खाच साडेसहा. लोखंड खाचेत ठेवून हलवले की पुढेमागे टकटक वाजे. अशा वेळी खाचेत एपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणारा गोंद भरतात आणि तो ओला असतानाच लोखंड त्यात दाबून बसवतात. वाळला की खाचेला त्याच लोखंडाचा आकार येतो. मग दुसरे कोणते लोखंड त्यात तसे बसत नाही.

गालातच आमचे चर्च आहे. इथे मोठा मिस्सा शुक्रवारी असतो, कारण सुटी शुक्रवारची. मिस्सा आटोपून आम्ही दुकानात जात असू. शुक्रवारी दुकान बंद असे, पण अरबाब आमच्यासाठी शटर अर्धे वर करत, तिजोरीतून रायफल काढत, तिचा बोल्ट बाहेर ओढून दिशदाशाच्या, म्हणजे अंगातल्या लांब झग्याच्या, खिशात टाकत आणि मगच ती टेबलावर ठेवत. बोल्ट नसलेली बंदूक म्हणजे नुसती नळी. कायदाही तसा होता आणि त्यांचा स्वभावही. मग ते जुम्म्याच्या नमाजाला जात आणि तिथून घरी जेवायला. परत येईपर्यंत अडीच तास आमचे असत.

पहिल्या शुक्रवारी मी फक्त दिवा धरायला गेले होते. त्याने जुन्या स्टॉकचा पुढचा पेच सैल केला, बोटांत धरला, आणि पेच फरशीवर पडला. त्याने उचलला. पुन्हा पडला. तिसऱ्यांदा मी उचलला आणि डबीत ठेवला. मागचा पेच मीच काढला. आम्ही दोघेही त्याविषयी बोललो नाही. फसवायचे असे ठरवून काही झाले नाही. एक पेच उचलला, एवढेच झाले.

त्यानंतर कामे आपोआप वाटली गेली. तो सांगे आणि मी करी. पटाशीने खाचेचा तळ खरवडणे, रंगाचा थर काढणे, गोंद पकडावा म्हणून बारीक चरे पाडणे.

“टीचर, तुझा हात थरथरत नाही.”

“खडू धरायची सवय आहे.”

“खडू चुकला तर पुसता येतो.”

“म्हणून तर तू सांगतोयस आणि मी करतेय. चूक कोणाची हे नंतर पुसता येईल.”

“वा! नवऱ्यावरच ढकल.”

असे आम्ही बोलत होतो. ऐकणाऱ्याला वाटले असते की दोन माणसे मजेत काम करत आहेत. कदाचित करतही होतो. मला तेव्हा स्वतःचा आवाज शेजारच्या वर्गातून येतो तसा ऐकू येत असे.

दुसऱ्या शुक्रवारी गोंद भरायचा होता. तो म्हणाला, “आता लगला पुढून, दोन्ही बाजूंनी आणि खालून टेप लाव. एकच थर. मागे नको. मग सगळ्या लोखंडाला बुटाचं पॉलिश चोळ, म्हणजे चिकटणार नाही.”

मी टेप कापला आणि लावला. खालच्या कोपऱ्यावर सुरकुती आली. काढून पुन्हा कापला. पुन्हा सुरकुती. वहीला खाकी कव्हर घालताना माझ्याकडून एक घडी वाकडी जात नाही, आणि इथे तिकिटाएवढ्या पट्टीवर टेप बसेना. तेव्हा मी विचार केला. टेप कशासाठी? गोंद लोखंडाला चिकटू नये म्हणून. पॉलिश कशासाठी? त्याचसाठी. म्हणजे एका कामाला दोन उपाय आहेत आणि त्यातला एक पुरेसा आहे. मी टेप काढून टाकला आणि पॉलिशचे एकाऐवजी तीन हात दिले, प्रत्येक हात सुकू देऊन, कापडाने चकचकीत करून.

तो त्या वेळी पेल्यात गोंद ढवळत होता. त्याची नजर पेल्यावर होती, कारण नजर हटली तर पेला पडला असता. मी त्याला सांगितले नाही. सांगण्यासारखे काही घडले आहे असे मला वाटलेच नाही. पायरी गाळणाऱ्या मुलाचे मी गुण कापते, आणि त्याला नेहमी एकच प्रश्न विचारते: ही पायरी का होती, हे तू विचारलेस का?

आम्ही लोखंड बसवले, पेच हाताने आवळले, बाहेर आलेला गोंद पुसला. शनिवारी सकाळी ते बाहेर काढायचे होते. ते सहज निघेना. रबरी हातोडीने नळीखाली हलके ठोकत मी ते मोकळे केले. त्याचा उजवा हात नळीखाली आधाराला होता.

“निघालं?”

“निघालं.”

“घट्ट होतं?”

“छान घट्ट.”

त्याने खाचेच्या काठावरून अंगठा फिरवला. फिरवताना तो खिडकीकडे बघत होता, पूर्वी बघायचा तसाच. पूर्वी त्या अंगठ्याला कागदाच्या जाडीचा फरक कळत असे. लोखंड वर घेताना पहिल्या ओढीतच त्याला समजत असे की ते कुठे धरते आहे आणि कुठे नाही.

“छान,” तो म्हणाला.

खाच आतून आरशासारखी झाली होती. लगची प्रत्येक कड तिच्यात उतरली होती. पाचही बाजूंना केसाचीही फट नव्हती. मला समाधान वाटले, असे लिहिणार होते, पण ते खरे नाही. एक काम संपले असे वाटले. त्यानंतर शाळेच्या सराव परीक्षेच्या वह्या तपासायच्या राहिल्या आहेत, हे आठवले.

अरबाब रायफल घेऊन रेंजवर गेले. पुढच्या शुक्रवारी आम्ही मिस्साहून दुकानात पोचलो तेव्हा ते आमच्या आधी येऊन बसले होते. रायफल टेबलावर होती. नमाजाला अजून वेळ होता. त्यांनी आम्हाला बसा म्हटले नाही.

त्यांनी स्वतः दोन्ही पेच काढले, लोखंड उचलून बाजूला ठेवले आणि खाच आमच्याकडे वळवली. डाव्या कडेचा नखाएवढा टवका उडाला होता. आधीच्या दहा गोळ्या एका वाटीत मावतील अशा लागल्या, असे त्यांनी सांगितले. मग नळी तापली, ऊन चढले, आणि गोळ्या वर वर जात राहिल्या. रेंजवरच त्यांनी लोखंड काढून पाहायचा प्रयत्न केला, तेव्हा टवका निघाला.

“ये तुम्हारा काम नहीं,” ते म्हणाले.

एसीचा आवाज येत होता. 

“तुम इसको हवा देता था. चौदह साल मैं देखा. आगे हवा, साइड हवा, नीचे हवा. बस पीछे टच.” त्यांनी बोटाने खाचेच्या भिंती एकेक दाखवल्या. “इसमें हवा किधर?”

तो वाकला. त्याने खाच डोळ्यांजवळ नेली आणि बराच वेळ बघितली. मग माझ्याकडे वळून मराठीत विचारले, “टेप?”

“काढला होता. सुरकुतत होता.”

“पॉलिश?”

“तीन हात.”

“बरं.”

त्याने आवाज चढवला नाही. तो चिडला असता तर मला उत्तर देता आले असते. तो सरळ उभा राहिला आणि अरबाबांना म्हणाला, “हाथ को कुछ मालूम नहीं पड़ता, अरबाब. ये इसने किया. मैंने बराबर देखा नहीं.”

“कब से?”

“पहले दिन से.”

“और बोला, ठीक.”

“बोला.”

अरबाबांनी माझ्याकडे पाहिले. मुअल्लिमा, म्हणजे शिक्षिका, असेच ते मला म्हणत. “और तुम, मुअल्लिमा? तुम भी चुप?”

“हो,” मी म्हणाले, मग “हां” म्हणाले.

“स्कूल में बच्चा झूठ बोले तो क्या करता?”

“खडा करती हूं.”

“तो खडा रहो.”

मी उभीच होते. तशीच उभी राहिले. ते हसले नाहीत, पण त्यांच्या दाढीत काहीतरी हलले. मग त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, तिच्यावर बसले आणि हात मांडीवर ठेवले.

“अभी मेरे सामने बनाओ. तुम बनाओ. मुअल्लिमा बस देखेगी.”

नवऱ्याने बाक साफ केला, स्टॉक वाइसमध्ये, म्हणजे बाकावरच्या शिकंज्यात, रबरी पट्ट्यांत धरला. मग म्हणाला, “मेणबत्ती आहे का कुठे?”

माझ्या पर्समध्ये होती. सकाळी चर्चच्या आवारातल्या ग्रोटोपाशी, दगडी गुहेतल्या माउलीच्या मूर्तीसमोर लावायला घेतलेली एक बारीक मेणबत्ती. लावली नव्हती. रांगेत उभी राहिले, माझी पाळी आली, आणि मागायला काही सुचले नाही. म्हणून मी ती परत पर्समध्ये टाकली होती. ती मी त्याला दिली.

त्याने ती पेटवून डाव्या हातात धरली आणि ज्योत लगखाली फिरवली. पोलाद काळे झाले. मेणबत्ती विझवून त्याने लोखंड हलकेच खाचेत उतरवले, दाबले आणि वर उचलले. खाचेच्या पाचही भिंती काळ्या झाल्या होत्या.

“बघ,” तो म्हणाला. तो मला सांगत होता की अरबाबांना, ते स्पष्ट नव्हते. “काळं जिथे, तिथे लागतंय. आपल्याला काळं फक्त मागच्या भिंतीवर हवं. टेप गोंदासाठी नव्हता, टीचर. टेप जागा धरून ठेवतो. गोंद वाळल्यावर टेप काढायचा, म्हणजे त्याच्या जाडीएवढी मोकळी जागा तिथे राहते.”

“म्हणजे तो मोजमाप होता.”

“मोजमापच.”

“मग तसं सांगायचंस.”

“कधी कुणाला सांगावंच लागलं नव्हतं. हाताला माहीत होतं.”

अरबाबांनी विचारले, “क्या बोलता?” त्याने हिंदीत पुन्हा सांगितले, आणि दुसऱ्यांदा सांगताना अधिक नीट सांगितले. लग तळाला टेकली तर लोखंड आपल्या बैठकीवर बसत नाही. पेच आवळला की ते किंचित वाकते, आणि नळी तापली की अधिक. बाजूंना टेकली तर काढता-घालताना लाकूड ओरबाडते. पुढे टेकली तर मागची भिंत आपले काम एकटीने करत नाही. म्हणून चार ठिकाणी हवा आणि एका ठिकाणी पूर्ण स्पर्श. मी पंचवीस वर्षे शिकवते आहे. इतके स्वच्छ स्पष्टीकरण मला गोंद भरण्याच्या दिवशी कुणी दिले असते तर सुरकुती आली तरी मी टेप काढून टाकला नसता.

त्याने पटाशी डाव्या हातात घेतली. उजव्या हाताचा तळवा त्याने पात्यावर नुसते वजन म्हणून ठेवला. पुढच्या भिंतीवरचे काळे त्याने खरवडले, पावडरीसारखे. पुन्हा मेणबत्ती. पुन्हा उतरवणे, उचलणे, बघणे. डावा हात शिकाऊ होता. एकदा पाते घसरले आणि कडेवर बारीक रेघ उमटली. तो थांबला, श्वास सोडला, पुन्हा लागला. पूर्वी त्याचे डोळे काम करताना इकडेतिकडे असत, रेडिओकडे, रस्त्याकडे. आता ते खाचेतून हलत नव्हते. बोटाला जे कळायचे ते तो काजळीकडून काढून घेत होता.

अजान झाली. अरबाब उठले. मला वाटले, मशिदीत जातील. ते गेले नाहीत. मागच्या खोलीत चटई टाकून त्यांनी नमाज पढला आणि परत येऊन खुर्चीत बसले. जेवायलाही गेले नाहीत. त्यांनी शेजारच्या हॉटेलातून तीन चहा आणि तीन पराठे मागवले. त्याने पराठा खाल्ला नाही, कारण तेलकट हाताने लाकूड धरायचे नसते.

मेणबत्ती बोटभर उरली तेव्हा काळे फक्त मागच्या भिंतीवर उमटले, पूर्ण, कडेपासून कडेपर्यंत.

“वहीचा एक कागद दे.”

मी टाचणवहीतून पान फाडले. त्याने त्याची अरुंद पट्टी कापली आणि लोखंड बसवलेले असताना ती लगच्या पुढे सरकवली. गेली. बाजूंना सरकवली. गेली. मागे लावली. गेली नाही. पट्टी दुमडली. त्याने ती अरबाबांच्या हातात दिली आणि त्यांनीही चारही ठिकाणी करून पाहिले. सगळे मिळून चार तास झाले होते.

“पहले कितना लगता?” अरबाबांनी विचारले.

तो खोटे बोलू शकला असता. “चालीस मिनट,” तो म्हणाला.

पुढच्या शनिवारी अरबाबांनी रेंजवरून मला फोन केला, त्याला नाही. गोळ्या जागेवर आहेत, म्हणाले, ऊन चढल्यावरही. मग म्हणाले, दोघे दुकानात या.

दुकानात त्यांनी निर्णय उभ्या उभ्याच सांगितला. काम चांगले. पण दुकानाला चार तास परवडत नाहीत आणि बंदुकीच्या कामात हात असाच हवा की ज्याला न बघता कळते. केरळचा एक सुतार पुढच्या महिन्यात येतो आहे. त्याला लाकूड कळते, बंदूक कळत नाही. “छह महीना उसको सिखाओ. जैसा मेरे को सिखाया उस दिन. बताका छह महीने का मैं करेगा. फिर खलास.”

“ठीक है, अरबाब,” तो म्हणाला.

“ज़ालान नहीं?” रागावला नाहीस ना, असे ते विचारत होते.

“नहीं. आप खुर्ची पर बैठा, चार घंटा. दूसरा कौन बैठता?”

अरबाबांनी त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि खाली बघत काही वेळ तसाच ठेवला. त्याला त्यातले किती कळले, हे मी नंतर विचारले नाही.

घरी येताना मी हिशोब केला. माझे शालेय वर्ष एप्रिलपासून मार्चपर्यंत. त्याचे सहा महिने सप्टेंबरात संपतात. म्हणजे सहा महिने तो वसईत आणि मी इथे, मग मी राजीनामा द्यायचा किंवा नाही. वजाबाकी सोपी होती. ती करताना मला काही झाले नाही. वादी अदाईच्या उतारावर सिग्नल लाल झाला आणि मी गाडी थांबवली.

त्या संध्याकाळी, जेवणाआधी, तो म्हणाला, “टीचर, तुझी वही आण. केरळच्या माणसासाठी सगळं क्रमाने लिहून ठेवू. मी सांगतो. तू लिही.”

मी वही आणली. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला, उजवा हात समोर टेबलावर, त्याच्याकडे नजर ठेवून. मी क्रमांक एक घातला. खाच स्वच्छ करणे. प्रत्येक पायरीनंतर मी विचारत होते, का? तो थोडा थांबे, मग उत्तर देई, आणि मी पायरीच्या खाली उत्तर लिहून घेत होते. चरे का? गोंदाला पकड हवी म्हणून. पॉलिश का? लोखंड सुटून यावे म्हणून. पुढे, बाजूंना आणि खाली टेप का? तिथे हवा राहावी म्हणून.

“मागच्या भिंतीला टेप नाही. का?”

हे उत्तर त्याने दुकानात दिलेले होते. मला ते पाठही होते. तरी मी पेन उचलून धरले आणि थांबले.

तो हाताकडे बघत होता.

“कारण धक्का तिथे घ्यायचा असतो,” तो म्हणाला. “तिथे मध्ये काही ठेवायचं नाही.”

मी लिहून घेतले. अक्षर नीट आले. मग पुढचा क्रमांक घातला.